चौथ्या धड्याचा फोटो

एकटेपणा कसा दिसतो असं त्या आठवड्यात धम्मप्रियाला कुणी विचारलं असतं, तर तिनं बिनदिक्कत सांगितलं असतं की तो गोरापान असतो, त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ असते आणि तो काचेच्या भल्यामोठ्या खिडकीपाशी कॉफीचा मग धरून बसतो. फुकट फोटोंच्या साइटवर 'एकटी म्हातारी बाई' असं इंग्रजीतून टाकलं की पानंच्या पानं हीच बाई यायची. पुढं 'भारत' जोडलं की मामला आणखी बिघडायचा. मग अंगभर चांदी घालून कॅमेऱ्याकडं रोखून बघणाऱ्या वाळवंटातल्या आजीबाई यायच्या, घाटावरचे साधू यायचे, आणि का कोण जाणे, एक उंट यायचा. माढ्याच्या, मोडनिंबच्या, फार कशाला शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीला त्या साइटवर जागाच नव्हती.

धम्मप्रिया सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहानशा कंपनीत ऑनलाइन कोर्स तयार करायची. म्हणजे मजकूर एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि त्या दोन्हींना शोभतील असे फोटो, व्हिडिओ शोधून सगळ्याची मोट बांधायची ती हिनं. या वेळचा कोर्स घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांसाठी होता. पहिले तीन धडे बिनबोभाट पार पडले. पडलेल्या माणसाला उठवावं कसं, गोळ्या द्याव्यात कशा, आंघोळ घालावी कशी, यांचे व्हिडिओ मिळाले, कारण तिथं नुसते हात दिसतात आणि हात कुणाचेही चालतात. चौथा धडा होता 'एकटेपणा कसा ओळखावा'. तिथं चेहरा लागत होता, आणि चेहऱ्यापाशी गाडं अडलं होतं.

कोर्स करून मागणाऱ्या संस्थेच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "आमच्या बायकांना बघताक्षणी आपली वाटली पाहिजे हो ती आजी. आणि फोटो विकत नका घेऊ, बजेट नाही." फुकट ते पौष्टिक या म्हणीवर आपल्याकडच्या निम्म्या संस्था चालतात, त्यामुळं यात नवल काहीच नव्हतं.

धम्मप्रियाचा पिंड मुळात बूड टेकून बसणाऱ्याचा नव्हता, त्यात हे. ती एक टॅब उघडायची, दुसरा उघडायची, पाणी प्यायला उठायची आणि पाणी न पिताच परत यायची. घरी जेवताना एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर परदेशी म्हाताऱ्या सरकवत राहायची. आई म्हणायची, "आधी ताटातलं बघ." एकदा एक व्हिडिओ सापडला, त्यात एक बाई बागेत कबुतरांना दाणे टाकत होती आणि तिचं तोंड दिसत नव्हतं. धम्मप्रिया हुरळली. मग तिच्या लक्षात आलं की बाईच्या अंगात गुडघ्यापर्यंत लोकरीचा कोट आहे. सोलापूरच्या एप्रिलात तो कोट नुसता बघूनच घाम फुटला असता.

कंपनीचे मालक शिवराज सर रोज तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. "फोटो कुठूनही आण, पण लिंक पाहिजे," एवढंच बोलायचे. मागं कुणीतरी गूगलवरचा फोटो सरळ उचलून लावला होता आणि मूळ फोटोवाल्याची नोटीस आली होती. दुधानं तोंड पोळलेले सर तेव्हापासून ताकही फुंकून प्यायचे. हा फोटो फुकट वापरायला परवानगी आहे असं दाखवणारी लिंक प्रत्येक फोटोपुढं असल्याशिवाय ते धडा पुढं पाठवत नसत.

त्याच आठवड्यात तिची आत्या पारूबाई मोडनिंबहून डोळे दाखवायला आली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. पारूबाईचा सख्खा मुलगा यशपाल सोलापुरातच, जुळे सोलापुरात राहायचा आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तरी आत्या दर खेपेला उतरायची ती भावाकडं, म्हणजे धम्मप्रियाच्या घरी. असं का, म्हणून कुणी विचारलं की तिचं उत्तर तयार असायचं, "यशपालच्या पोरांची परीक्षा हाय." त्या पोरांची परीक्षा बारा महिने चालू असायची.

या खेपेला यशपालनं फोनवर सांगितलं होतं, संध्याकाळी भेटायला येतो. आत्या दुपारीच तोंड धुऊन, केस विंचरून, गॅलरीत खुर्ची टाकून बसली. चहाही तिथंच घेतला. धम्मप्रिया ऑफिसातून आली तेव्हा आत्या कठड्यावर हात ठेवून गल्लीच्या तोंडाकडं बघत होती. मोटरसायकल वाजली की तिची मान थोडी पुढं व्हायची, गाडी निघून गेली की मागं यायची. उन्हं तिरपी होऊन तिच्या चेहऱ्यावर पडली होती. धम्मप्रिया दारातच थबकली. ते आत्यासाठी होतं की चौथ्या धड्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं मोबाइल काढला आणि अगदी जवळून फोटो घेतला. मागचं सगळं धूसर, पुढं नुसता आत्याचा चेहरा.

फोटो बघून ती स्वतःशीच हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"आत्या, तुझा फोटो काढलाय. आमच्या कोर्सला लावू का?"

"कसला कोर्स?"

"म्हाताऱ्या माणसांना कसं सांभाळायचं ते शिकवतात त्यात."

"लाव की. माजं काय जातंय," आत्या म्हणाली. मग पुन्हा गल्लीकडं बघत म्हणाली, "यशपाल आला न्हाय गं अजून."

यशपाल त्या दिवशी आलाच नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं, असा त्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी आत्या एसटीत बसून मोडनिंबला निघून गेली.

फोटो मिळाला, पण लिंक कुठली आणायची? स्वतः काढलेला फोटो लावायचा तर संस्थेचा इंग्रजी संमतीफॉर्म भरून, आत्याची सही घेऊन, तो संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसात मंजूर करून आणावा लागणार होता. धडा तर उद्या द्यायचा होता. मग धम्मप्रियानं जी युक्ती केली ती रात्रंदिवस लिंका चिकटवणाऱ्या माणसालाच सुचावी. तिनं त्या फुकट फोटोंच्या साइटवर खोट्या नावानं खातं उघडलं आणि आत्याचा फोटो स्वतःच तिथं चढवला. खाली शोधायचे शब्द द्यायचे होते. तिनं दिले: म्हातारी, आई, गाव, भारत, दुःखी, एकटी, वाट पाहणारी. हा फोटो कुणीही, कुठंही, कशासाठीही, न विचारता वापरू शकेल, अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढं चौकोन होता. आपण सगळेच जसे न वाचता चौकोनात खूण करतो तशी तिनं केली. फोटो साइटवर झळकला, लिंक मिळाली, ती तिनं धड्यात लावली.

"वा," शिवराज सर म्हणाले. "अगदी खरी वाटते बाई. कुठं मिळाली?"

तिनं साइटचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं.

पुढचे काही दिवस धम्मप्रिया खुशीत होती. आत्याचा फोटो लोक उतरवून घेत होते, तो आकडा वाढताना तिला दिसायचा. इतकी वर्षं आपण जगाचं फुकट घेतलं, आता आपणही जगाला काहीतरी फुकट दिलं, असं वाटून तिला जरा भरूनही आलं. परदेशी बायकांच्या घोळक्यात आपली आत्या बसलीये याचा तिला अभिमान वाटला. अभिमान फार काळ टिकला नाही.

एका सकाळी तिच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या एका चुलतभावानं रडक्या चेहऱ्यांची रांग लावून एक मजकूर पुढं ढकलला. 'मुलगा मोठा साहेब. दारात गाडी, राहायला बंगला. आईला मात्र वृद्धाश्रमात टाकून गेला. माउली आजही दाराकडं डोळे लावून बसली आहे. ज्याला आई आहे त्यानं हे पुढं पाठवावं.' आणि वर आत्या. मोठी, स्पष्ट, तिरप्या उन्हातली आत्या.

चुलतभावानं फोटो नीट बघितला नव्हता, हे उघड होतं. पण तासाभरात केम गावच्या मावशीनं लिहिलं, "ही आपली पारू न्हवं का?" मग ग्रुपवर एकदम शांतता पसरली, आणि अशी शांतता पसरली की समजावं, आता लोक एकमेकांना फोन करतायत. दुपारपर्यंत मोडनिंबच्या चहाच्या टपरीवर यशपालचं नाव गाजत होतं. संध्याकाळपर्यंत ते चिंचोळीच्या कारखान्यात पोचलं.

धम्मप्रियानं पहिल्यांदा साइटवरून फोटो काढून टाकला. बैल गेला आणि झोपा केला. तो आता कुठल्या कुठं पोचला होता. ज्या ज्या पानावर दिसला तिथं तिनं तक्रार केली, एकाला इंग्रजीतून विनवलं, एकाला मराठीतून दम दिला. एकीकडून निघाला की दुसरीकडं उगवायचा. कुठल्याशा कानाच्या यंत्राच्या जाहिरातीत आत्या होती, कुणा भविष्यवाल्याच्या पानावर 'घरात कलह आहे का?' या प्रश्नाखाली आत्या होती. तिच्या पायाला भिंगरी लागली. ती ऑफिसातून उठून गच्चीवर जायची, गच्चीवरून खाली यायची, फोन उलटा ठेवायची, लगेच सुलटा करायची. आत्याला फोन लावावा म्हणून नावावर बोट न्यायची आणि मागं घ्यायची. काय सांगणार होती? आत्या, तुला मी सगळ्या दुनियेला फुकट वाटून टाकली, असं?

शेवटी तिनं शिवराज सरांना सगळं सांगितलं. सर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, त्यानं तिला जास्त भीती वाटली.

"परत नाही घेता येत," ते म्हणाले. "एकदा फुकट दिलं की दिलं. त्या पानावर तसं लिहिलंय की. आपण इतकी वर्षं त्याच ओळीवर पोट भरतोय."

आणि मग यशपालचा फोन आला.

"धम्मा, रविवारी घरी ये. आईला आणतोय मोडनिंबहून, गाडी करून. तिचा एक व्हिडिओ करायचाय, ग्रुपवर टाकायला. तुला ह्यातलं कळतं म्हणून तुला सांगतोय."

म्हणजे त्याला माहीत नव्हतं. धम्मप्रिया "हो दादा, येते की" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तर हॅलोजन लागला होता.

रविवारी ती गेली तेव्हा आत्या सोफ्याच्या मधोमध बसली होती. वैजयंतीवहिनीनं तिला नवी साडी नेसवली होती. साडीची घडी नुकतीच मोडलेली होती आणि आत्या ती चुरगळू नये म्हणून अंग चोरून बसली होती. तिला बघून आत्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"ये गं. बग, यशपालनं गाडी धाडली न्हाय, सवता आला."

यशपाल मात्र पिंजऱ्यातल्यासारखा खोलीत येरझारा घालत होता. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगायला पाहिजे. मोडनिंबच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून, भाड्याच्या खोल्या बदलत, हप्त्यावर हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेईपर्यंत त्यानं कुणापुढं हात पसरला नव्हता. नाव हीच त्याची कमाई होती, आणि ती कुणीतरी रस्त्यावर आणून टाकली होती.

"तोंडावर कुणी बोलत नाही," तो म्हणाला. "पण डबा खायला बसलो की सगळे गप्प होतात. परवा मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी काय सांगायचं? बंगला म्हणे. हा बंगला." त्यानं जागा नाही म्हणून भिंतीला लावलेल्या बॉक्सच्या ढिगाकडं हात केला. "ज्यानं कुणी हा फोटो टाकलाय ना, त्याला मी सोडत नाही. उद्याच सायबरला तक्रार देतो. आई, आठव बरं, कुणी काढला हा फोटो तुझा?"

धम्मप्रियाला खुर्चीचा चटका बसावा तसं झालं. तिनं आत्याकडं पाहिलं. आत्यानंही तिच्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"मला न्हाय बाबा आटवत," आत्या म्हणाली. "डोळ्याचं आपरेशन झाल्यालं. कुनी काडला आन् कवा काडला, काय दिसतंय व्हय मला?"

धम्मप्रिया आत्याच्या त्या बोलण्यानं जास्तच खचली. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बोलून गेली.

"दादा, तो फोटो मी काढला. साइटवरही मीच टाकला."

यशपाल येरझारा घालायचा थांबला. "तू?"

"कोर्ससाठी पाहिजे होता. लिंक लागते ना फोटोला, म्हणून." त्या खोलीत, त्या सोफ्यासमोर, लिंक हा शब्द तिला स्वतःलाच इतका फालतू वाटला की ते वाक्य तिनं तिथंच सोडलं. "माझं चुकलं दादा. लोक असं काही करतील असं वाटलं नव्हतं. मी काढायला बघितला, पण आता तो निघत नाही."

"घरातलीच," यशपाल हळू आवाजात म्हणाला. "मी सगळीकडं शोधत बसलो, आणि घरातलीच."

"तिला कशापायी बोलतूस?" आत्या म्हणाली. "मला इचारूनच लावला तिनं."

"तुला काय कळतंय आई त्यातलं?"

दारात उभी असलेली वैजयंतीवहिनी मध्ये पडली. "अहो, आधी व्हिडिओ होऊ दे. मग काय बोलायचं ते बोला. पोरं क्लासवरून येतील."

"बरं," यशपाल म्हणाला. " घाण तू केलीस, आता तूच निस्तर. धर मोबाइल."

त्यानं आत्याला काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं आणि सकाळपासून तिच्याकडून घोकून घेतलं होतं. 'जय भीम. माझा फोटो वापरून खोटी बातमी पसरवली जात आहे. मी माझ्या मुलाकडे, सुनेकडे व नातवंडांमध्ये अत्यंत सुखात आहे. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.' आत्याला अख्खी बुद्धवंदना तोंडपाठ होती, तिला या चार ओळींची काय मातब्बरी. पण मोबाइल समोर आल्यावर ती अडखळली.

"यशपाल, माज्या बोलीत बोलू का रं? ह्ये कागदातलं माजं वाटंना."

"बोल. पण तेच बोल."

धम्मप्रियानं बटण दाबलं. स्क्रीनच्या चौकोनात आत्या नीट बसली, पदर सारखा केला आणि मनापासून, अगदी जीव लावून बोलायला लागली.

"जय भीम समद्यांना. मी पारूबाई. मोडनिंबला असते. ह्यो यशपाल माजा ल्योक. लई गुनाचा हाय. कारखान्यात लई कामं असत्यात त्येला. मानसं म्हनत्यात, त्येनं मला आश्रमात टाकली. त्ये साफ खोटं हाय. मला कुनी टाकली न्हाय. टाकाय तरी यावं लागतं की मानसाला. ह्यो तर कदी आलाच न्हाय." ती क्षणभर थांबली, आपण मुलाची बाजू नीट मांडतोय ना, याचा अंदाज घेतल्यासारखी. मग तिला चांगलं काही आठवलं आणि चेहरा खुलला. "आज आला. गाडी घिऊन, पार दारात. शेजारच्या गोजाबाईला मी म्हनलं, बग, तू म्हनत हुतीस येत न्हाय, आला का न्हाय? मी हितं लई सुकात हाय. सकाळधरनं."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून कुणीतरी शेंगाचटणी, कडक भाकरी ओरडत गेला. धम्मप्रियाला बटण बंद करायचं भान राहिलं नाही. वैजयंतीवहिनी उगीचच ओट्याकडं वळली आणि तिथं काही काम नसताना उभी राहिली. यशपाल खिडकीकडं तोंड करून उभा होता, त्याचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

आत्यानं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू ओसरलं आणि तिथं भीती आली. ज्या घरात आपण फार दिवसांनी आलोय तिथं काही सांडलं तर वाटते तसली भीती.

"चुकलं का काय माजं?" ती म्हणाली. "मी तुजं चांगलंच बोलले की रं. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. कागदातलंच बोलते. पाठ हाय मला. धम्मे, धर परत."

"नको आत्या," धम्मप्रिया म्हणाली.

"धर म्हनते न्हवं. पोराचं नाव खराब झालंय."

धम्मप्रियानं यशपालकडं पाहिलं. तो वळला नाही. तिनं पुन्हा बटण दाबलं. आत्यानं ताठ बसून, हात जोडून, वंदनेच्या संथ लयीत ते सगळं म्हणून दाखवलं. मी माझ्या मुलाकडे, सुनेकडे व नातवंडांमध्ये अत्यंत सुखात आहे. एकही शब्द चुकला नाही. शेवटी ती हसलीसुद्धा, कारण कागदावर कंसात तसं लिहिलेलं यशपालनं तिला सांगितलं होतं.

तोच व्हिडिओ नातेवाइकांच्या आणि कारखान्याच्या ग्रुपवर गेला. लगेच अंगठे यायला लागले, जोडलेले हात यायला लागले. चुलतभावानं माफी मागितली. केमच्या मावशीनं लिहिलं, "पारू, किती गं चांगली दिसतीस." यशपालच्या कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलं, "असा मुलगा सगळ्यांना मिळो." वैजयंतीवहिनी एकेक वाचून दाखवत होती आणि आत्या प्रत्येक नावाला "व्हय का? व्हय का?" म्हणत होती. सगळं निस्तरलं होतं. इतके दिवस धम्मप्रियाला जे पाहिजे होतं ते झालं होतं, आणि तिला तिथं एक क्षण बसवत नव्हतं.

काम आहे असं सांगून ती उठली. दोन मजले उतरली असेल, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. यशपाल होता. आता हा आपल्याला बोलणार, आणि त्यानं बोलावंच, असं वाटून ती जिन्यात थांबली.

"दादा, मला खरंच माफ कर."

त्यानं ते ऐकल्यासारखं केलं नाही. "पहिला घेतलेला व्हिडिओ आहे का अजून?"

"आहे. पुसते आत्ता. कुणाला नाही दाखवलेला."

"पुसू नको." तो कठड्याला धरून उभा होता. एवढा उंच माणूस, पण त्याला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. "मला पाठव. फक्त मला."

तिनं तिथंच उभ्या उभ्या पाठवला. त्याच्या हातातला फोन वाजला. तो पायरीवर बसला. धम्मप्रिया खाली उतरून गाडीपाशी आली. किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. जिन्यातून आत्याचा आवाज येत होता. टाकाय तरी यावं लागतं की मानसाला. आवाज थांबला, आणि त्यानं तेवढंच पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

तेवढ्यात वरून खरीखुरी हाक आली. "यशपाल, कुटं गेलास रं? च्या निवतोय."

"आलो," तो म्हणाला.

जिन्यात काही हललं नाही. आजवर एका जागी दोन मिनिटं न थांबणारी धम्मप्रिया किल्लीवर हात ठेवून, त्याची पावलं वर जातात का ते ऐकत उभी राहिली.